मगदूमसाहेबांचा पहिला हुकूम

आपल्याच केबिनच्या दारावर टकटक करून, दोन पावलं मागं सरून, आतून कुणी दार उघडतंय का याची वाट बघणारा साहेब तुम्ही पाहिला आहे का? मी पाहिला आहे. आमच्या ऑफिसात रोज सकाळी साडेनऊला हे घडायचं. केबिन रिकामी असायची. एक टेबल, टेबलामागं फिरती खुर्ची, पुढं पाहुण्यांसाठी दोन साध्या खुर्च्या, एवढाच आतला संसार. तरी सुकुमार मगदूम बोटानं दार वाजवायचे, मागं सरायचे, मग एकदम काहीतरी आठवल्यासारखे ओशाळायचे, चपला बाहेर काढायचे आणि आत जाऊन पाहुण्याच्या खुर्चीत बसायचे.

यात वेडेपणा काही नव्हता. बावीस वर्षांची सवय होती. शाहूपुरीत आमचं सर्व्हिस सेंटर आहे. कुणाचं वॉशिंग मशीन, फ्रीज, गिझर बिघडला की लोक आम्हाला फोन करतात. तो फोन मी घेते, आणि आमचा टेक्निशियन त्यांच्या घरी जातो. मगदूम हे बावीस वर्षं असेच लोकांच्या घरी गेले. बेल वाजवायची, दोन पावलं मागं सरायचं, चपला काढायच्या, सांगतील तिथं बसायचं. मग एके दिवशी कंपनीनं त्यांना ब्रँच मॅनेजर केलं. पण पाय टेक्निशियनचेच राहिले.

मॅनेजर तरी कसे झाले म्हणाल, तर दुसरं कुणी मिळेना म्हणून. दोन वर्षांत आमचे तीन साहेब होऊन गेले होते. पहिले फार ओरडायचे. दुसरे भिंतीवर तक्ते लावायचे. तिसरे एका दुपारी जेवायला म्हणून गेले ते गेलेच. राजीनामा फोनवर आला. दर सोमवारी पुण्याहून सगळ्या ब्रँचची यादी यायची, ग्राहकांनी कुणाला किती स्टार दिले त्याची. ती यादी आम्ही खालून वाचायचो, म्हणजे आमचं नाव लगेच सापडायचं. सहा टेक्निशियन होते आणि सहाजणांची तोंडं सहा दिशांना. कुणी ग्राहकाच्या गल्लीच्या तोंडाशी उभं राहून ‘ग्राहक घरी नाही’ असं मोबाईलवर टाकायचं आणि चहाला जायचं. ग्राहक घरीच असायचा. तो मला फोन करायचा. ब्रँच बंद होणार ही आवई दर महिन्याला उठायची. माझ्या मिस्टरांची गिरणीतली नोकरी सुटून वर्ष झालं होतं आणि घर माझ्या पगारावर होतं. तेव्हा नवा साहेब कोण, याची मला जरा जास्तच काळजी होती.

आणि साहेब म्हणून समोर आले मगदूम! नाव सुकुमार, पण माणूस सहा फूट. दारातून येताना मान वाकवावी लागायची. हाताचे पंजे फावड्याएवढे. नृसिंहवाडीजवळच्या गावचं जैन शेतकरी घराणं. तिकडच्या पद्धतीनं मला अक्का म्हणायचे. एवढा दांडगा गडी, पण चार माणसांसमोर उभा राहिला की कानाच्या पाळ्या लाल व्हायच्या.

पहिल्या दिवशीची मिटिंग मला लख्ख आठवते. तक्रार लिहायच्या जॉबकार्डाच्या मागच्या कोऱ्या बाजूला भाषण लिहून आणलं होतं.

“मित्रहो,” ते म्हणाले, आणि थांबले. मग कागदाकडं बघून पुन्हा म्हणाले, “मित्रहो.”

“हाय, हाय, हितंच हाय आमी,” रफिकभाई म्हणाले.

रफिकभाई म्हणजे आमचा सगळ्यात तरबेज हात आणि सगळ्यात तिखट जीभ. मगदूमांच्या बरोबरीनं वीस वर्षं काम केलेला माणूस. कालपर्यंत ‘ए सुक्या’ म्हणायचे. आता ‘ओ साहेब’ म्हणायला लागले होते, आणि त्या ‘ओ’मध्ये टाचणी असायची.

मगदूमांनी कागद घडी घालून खिशात टाकला. “तर उद्यापास्नं सगळ्यांनी वेळेवर यायचं हाय,” ते म्हणाले. आणि मग, आपण फार कडक बोललो असं वाटून, “म्हणजे, बघा जमतंय का.”

हे त्यांचं पालुपद. बघा जमतंय का. त्यांच्या तोंडून आम्ही कधी ‘करा’ ऐकलं नाही. “रफिकभाई, राजारामपुरीतला एक गिझर हाय. बघा जमतंय का.” “संदीप, जॉबकार्डावर ग्राहकाची सही घेतलेली बरी. बघ जमतंय का.” आता असं विचारल्यावर कुणाला जमेल? कुणालाच जमायचं नाही. दुपारपर्यंत न जमलेली सगळी कामं साहेबांच्या टेबलावर जमायची आणि मग साहेब स्वतःच बॅग घेऊन बाहेर पडायचे. मी खिडकीतून त्यांची फटफटी जाताना बघायची आणि मनात म्हणायची, गेलो आपण. हा माणूस ब्रँच बुडवणार.

त्यांची आणखी एक लकब होती. कुणी भांडायला लागलं की ते उत्तर द्यायचे नाहीत. मान कलती करून, डोळे बारीक करून नुसते ऐकत राहायचे. बिघडलेल्या मशीनला कान लावून कुठलं बेअरिंग वाजतंय ते शोधतात ना, तसं. एकदा रफिकभाई स्पेअरपार्टवरून दहा मिनिटं तोफ डागत होते. साहेब कान देऊन उभे. शेवटी रफिकभाईच वैतागले. “ओ साहेब, मी काय फ्रीज हाय काय?”

“न्हाय हो,” साहेब कळवळून म्हणाले, “फ्रीजचं लवकर कळतंय.”

सगळे हसले. रफिकभाई हसले नाहीत. साहेबही नाहीत, ते खरंच सांगत होते.

मग कुणीतरी त्यांना सल्ला दिला की आत्मविश्वास वाढवण्याचे वर्ग असतात. साहेब दोन रविवार जाऊन आले. येताना एक निळी फाईल घेऊन आले. तिथल्या सरांनी सांगितलं होतं की रोज आरशासमोर उभं राहून मोठ्यानं म्हणायचं, ‘मी लीडर आहे.’ आता आमच्या ऑफिसात आरसा एकच, बाथरूममधला, आणि त्याची भिंत मिटिंगच्या खोलीला लागून. सोमवारी सकाळी आम्ही सगळे जमलो होतो. भिंतीपलीकडून नळ सोडल्याचा आवाज आला. नळ बंद झाला. मग खाकरणं. मग घोगरा आवाज, “मी लीडर हाय.” थोडी शांतता. पुन्हा, जरा मोठ्यानं, “मी लीडर हाय!” आणि मग अगदी हळू, स्वतःलाच विचारल्यासारखं, “बघूया जमतंय का.”

आमच्यातल्या सगळ्यात धाकट्या टेक्निशियनला, संदीपला, खोकला आवरेना. साहेब बाहेर आले तेव्हा आम्ही सगळे टेबलाखाली काहीतरी पडलेलं शोधत होतो. त्यांना कळलं असणार. कानाच्या पाळ्यांनी सांगितलं. निळी फाईल त्या दिवसानंतर दिसली नाही.

पण त्यानंतर त्यांनी एक केलं. रोज एकेका टेक्निशियनच्या गाडीवर मागं बसून त्याच्या कामावर जायला लागले. साहेब म्हणून नव्हे, बॅग धरायला. ग्राहकांना वाटायचं हा मदतनीस आहे. एका बाईंनी त्यांच्याकडून कपाट सरकवून घेतलं, वर म्हणाल्या, “एवढा धिप्पाड हायस, अजून काम शिकला न्हाईस व्हय?” साहेब म्हणाले, “शिकतोय की.” रफिकभाईंनी हे ऑफिसात येऊन नक्कल करून दाखवलं. पण नक्कल करता करता त्यांचा आवाज जरा मऊ झाल्याचं मला जाणवलं.

आठवड्याभरात साहेबांना रफिकभाईंच्या तोफेचं वाजणारं बेअरिंग सापडलं. रफिकभाई ज्या घरी जायचे तिथं लोक आधीच भडकलेले असायचे, कारण पार्ट पुण्याहून पंधरा-पंधरा दिवस यायचा नाही आणि बोलणी मात्र यांनी खायची. साहेब माझ्याशेजारी बसून रोज पुण्याच्या स्टोअरला फोन लावायला लागले. विनंती करण्यात त्यांचा हात कोण धरणार? “साहेब, मोटर पाठवता का? बघा जमतंय का. मी परत अर्ध्या तासानं करतो.” आणि खरंच अर्ध्या तासानं करायचे. दिवसातून नऊ वेळा. स्टोअरवाल्यांनी कंटाळून पार्ट पाठवायला सुरुवात केली. यादीत आम्ही खालून दुसरे झालो. रफिकभाईंनी पेढे आणले नाहीत, पण ‘ओ साहेब’मधली टाचणी काढली.

आणि मग नदी चढली.

कोल्हापूरला पूर नवा नाही, पण त्या ऑगस्टात पाणी नदीकाठच्या पेठांत शिरलं ते घरांत छातीपर्यंत आलं. ऑफिसचा आमचा रस्ता कसाबसा कोरडा राहिला. आठ दिवसांनी पाणी उतरलं, आणि फोन सुरू झाले. मी रिसीव्हर ठेवला की वाजायचा. फ्रीजमध्ये चिखल. मशीनच्या ड्रममध्ये चिखल. बायका फोनवर रडायच्या. “ताई, लेकीच्या लग्नाला घेतलेला फ्रीज हाय ओ.” मी लिहून घ्यायची, आणि तिकडं संगणकावर प्रत्येक तक्रारीपुढं लाल आकडा पळत होता. इतके तास झाले, तक्रार बंद नाही.

दुसऱ्या दिवशी पुण्याच्या एरिया मॅनेजरचा फोन आला. स्पीकरवर. सगळे ऐकत होते.

“मगदूम, उद्या संध्याकाळपर्यंत सगळ्या तक्रारी क्लोज पाहिजेत.”

“साहेब, मशीनं ओली हायत. वाळायला...”

“पुसा आणि चालू करून द्या. नंतर बंद पडली तर नवीन तक्रार होईल. जमत नसेल तर सांगा, ब्रँच साताऱ्याला जोडून टाकतो.”

फोन बंद झाला. साहेबांनी आमच्याकडं पाहिलं. मी त्यांच्याकडं पाहिलं नाही. मला माझ्या घरातला स्वयंपाकाचा ओटा दिसत होता. संदीप म्हणाला, “करूया की साहेब. फडक्यानं पुसायचं, चालू करून दाखवायचं, सही घ्यायची. धा मिनिटाचं काम. लोकबी तेच म्हणायलेत.”

खरंच, लोकही तेच म्हणत होते. साहेब केबिनमध्ये गेले. तासभर दिसले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी मिटिंगला आले तेव्हा हातात कागद नव्हता. चेहरा रात्रभर झोप नसल्यासारखा. हात त्यांनी पाठीमागं धरले होते.

“ऐका,” ते म्हणाले. “वलं मशीन कुणीबी चालू करायचं न्हाय. घरात गेल्यावर पयला मेन स्विच बंद. मग प्लग काढायचा. मशीन उघडायचं, धुवायचं, पुसायचं, आणि दोन दिवस वाळत सोडायचं. तिसऱ्या दिवशी जाऊन अर्थिंग तपासायचं, मगच प्लग. ग्राहक रडू दे, न्हायतर पुण्याचा साहेब ओरडू दे.” ते श्वास घ्यायला थांबले. आम्ही सगळे ‘बघा जमतंय का’ची वाट बघत होतो. ते आलं नाही. साहेब म्हणाले, “ह्यो हुकूम हाय.”



“आणि ब्रँच बंद केली तर?” रफिकभाईंनी विचारलं.

“केली तर केली. मी लिहून सही करतो. तुमच्यावर काय येणार न्हाय.”

खरं सांगते, त्या क्षणी मला त्यांचा राग आला. यांना एवढा जोर यायला हाच दिवस सापडला? रफिकभाई मात्र उठले, बॅग खांद्याला लावली आणि संदीपला म्हणाले, “चल रं. ऐकलंस न्हवं काय म्हणाले ते?”

त्या दिवशी मी फोनवर जेवढ्या शिव्या खाल्ल्या तेवढ्या सबंध नोकरीत खाल्ल्या नसतील. दुपारी संदीपचा फोन आला. एका निवृत्त अधिकाऱ्याच्या घरी तो अडकला होता. ते ऐकायला तयार नव्हते. मशीन आत्ता चालू करून दाखव, नाहीतर तुझी नोकरी घालवतो म्हणत होते. साहेब तसेच निघाले. पुढचं संदीपनं सांगितलं ते असं:

साहेब पोचले तेव्हा त्या घरमालकांनी रागाच्या भरात स्वतःच मशीनचा प्लग घातलेला होता. मशीन फिरत होतं. “बघा, चालतंय की!” मालक म्हणाले. साहेबांनी बेल वाजवायची ती वाजवली होती आणि ते चपला काढायला वाकले होते. वाकल्या वाकल्या त्यांना मोरीत मालकांची सून दिसली, नळाकडं हात नेत असलेली. पाय ओले, भिंत ओली. आणि मगदूमसाहेब, ज्यांचा आवाज आम्हाला केबिनबाहेर ऐकू यायचा नाही, ते असे गरजले की गल्लीतली माणसं बाहेर आली.

“हात मागं घ्या!”

ती बाई जागच्या जागी थिजली. साहेबांनी चपला घालून, खिशातला टेस्टर काढून नळाला लावला. टेस्टरमधला दिवा लालबुंद पेटला. ओल्या मशीनमधून करंट भिंतीत उतरून नळापर्यंत आला होता. साहेबांनी जाऊन मेन बंद केला आणि ते तिथल्या पायरीवर बसले. मालकांनी पाणी आणून दिलं. संदीप म्हणाला, “अक्का, त्यांच्या दातावर दात वाजत हुते.”

त्या पंधरवड्यात यादीत आमचं नाव पुन्हा तळाला गेलं. एरिया मॅनेजर स्वतः आले. केबिनचं दार उघडंच होतं, म्हणून आम्हाला ऐकू आलं. ते बराच वेळ बोलले. मग साहेब म्हणाले, “साहेब, तुमी एक वळ लिहून द्या. वली मशीनं चालू करा म्हणून. मी आत्ता माणसं पाठवतो.” आवाज कापत होता, पण वाक्य पुरं झालं. एरिया मॅनेजरनी पेन काढलं नाही. चहा अर्धा टाकून ते गेले, आणि ब्रँच साताऱ्याला जोडण्याचा विषय पुन्हा कुणी काढला नाही.

सगळं गोड झालं असं म्हणणार नाही. दोन टेक्निशियन दिवाळीआधी दुसरीकडं गेले. यादीत आम्ही आता मध्यावर कुठंतरी असतो. पण ‘ग्राहक घरी नाही’ हे खोटं बंद झालं. वाळवून दिलेली मशीनं चालली, आणि पुराच्या पेठांतले लोक फोनवर ‘ते उंच साहेब हायत न्हवं?’ असं विचारायला लागले. साहेब फिरत्या खुर्चीतही बसायला लागले. काठावर, पण बसायला लागले. कुणी कुचराई केली तर ‘हे चालणार न्हाय’ एवढं म्हणतात, आणि ते पुरतं.

आता दिवाळीनंतरचं सांगते. माझी नणंद गगनबावड्याला असते. एका रविवारी तिच्याकडं निघाले. एसटीतून उतरले तर धुक्यात पुढच्या दारानं आमचे साहेब उतरताना दिसले. हातात कापडी पिशवी. मला बघून चोरी पकडल्यासारखे झाले.

“अक्का, तुमी हितं?”

मी नणंदेचं सांगितलं. “आणि तुम्ही?”

“आमचं एक पावणं असत्यात,” ते म्हणाले आणि चालायला लागले. दहा पावलं गेले, थांबले, परत आले. “या की. च्या घिऊन जावा.”

दोन खोल्यांचं घर. खिडकीशी खाटेवर साहेबांच्याच वयाचा एक माणूस बसला होता, उजवा पाय काठीसारखा सरळ पुढं. त्याचं नाव शिवाजी. साहेब कुणाला न विचारता स्वयंपाकघरात गेले आणि भांड्यांचा आवाज यायला लागला. शिवाजीनं मला बसा म्हणून खूण केली.

“दर महिन्याला येतोय,” तो म्हणाला. “तुमी हापिसातल्या न्हवं? तुमच्या कंपनीच्या आधी आमी दोघं एका सोलरवाल्याकडं हुतो. ह्यो माझा सीनियर. पाऊस भुरभुरत हुता. मालकानं सांगितलं, आजच्या आज गच्चीवरला हिटर झाला पायजे. ह्यो म्हणाला, चढ शिवा. मी चढलो. घसरून खाली आलो त्यो असा.” तो हसला. “त्यानं सांगितलं नसतं तरी चढलोच असतो. किती वर्षं सांगतोय त्याला. डोस्क्यात शिरत न्हाय. तवापासनं कुणाला ‘कर’ म्हणून सांगत न्हाय. बायकोलाबी म्हणतोय, च्या जमतोय का बघ.”

तेवढ्यात साहेब घमेल्यात कोमट पाणी घेऊन आले. पिशवीतून टॉवेल काढला, साबण काढला, नेलकटर काढला. खाली फरशीवर मांडी घातली आणि शिवाजीचा डावा पाय पाण्यात बुडवून चोळायला लागले. माझ्यासमोर त्यांना संकोच वाटत असणार, पण हात थांबले नाहीत. पाय पुसला, मांडीवर घेतला आणि नखं काढायला लागले. शिवाजीला वाकता येत नव्हतं.

“अक्का, ह्यो साहेब झालाय म्हणतोय. खरं?”

“खरं.”

“हुकूम देतोय का?”

मी साहेबांकडं पाहिलं. त्यांची मान खाली.

“एक दिला,” मी म्हणाले. “पुरात. ओल्या मशीनला कुणी हात लावायचा नाही म्हणून.”

शिवाजीनं विचारलं, “ऐकला का लोकांनी?”

“सगळ्यांनी.”

“कुणाला काय झालं न्हाय न्हवं?”

“कुणाला काही झालं नाही.”

नेलकटरचा आवाज थांबला होता. साहेबांनी मान वर केली नाही. ते फावड्याएवढे पंजे त्या पायाभोवती तसेच राहिले. शिवाजीनं हात पुढं करून त्यांच्या डोक्यावर ठेवला, लहान पोराच्या ठेवतात तसा, आणि मग टपली मारली.

“आता थांबलास कशाला? दुसरा घे की.”

साहेबांनी तो न वाकणारा पाय दोन्ही हातांनी हळूच उचलला आणि पाण्यात ठेवला.